४ × ७ फुटांचं जुनं, अंधारं बाथरूम मोकळं आणि उजेडाचं करायचंय

पाऊसपाणी
डोंबिवलीत १९९३ सालची चार मजली इमारत, आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर. घरात एकच संडास-बाथरूम, आतून ४ × ७ फूट. दार ४ फुटी भिंतीत आहे, २७ इंची, आत उघडतं. समोरच्या ४ फुटी भिंतीला काचेच्या पट्ट्यांची खिडकी. उजव्या लांब भिंतीला आधी मोठं पायवालं बेसिन, मग कमोड आणि खिडकीखाली आंघोळीची जागा. वर ७ फुटांवर पूर्ण माळा. कथ्थई टाइल्स ४ फुटांपर्यंत, त्यावर ऑइल पेंट. दिव्याचा एकच पॉइंट, दारावर. पाइप जुने जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), भिंतीत गाडलेले. गॅस गिझर आतच खिडकीजवळ. खालच्यांच्या छताला ओलीचा डाग आहे.

मनात असं आहे: मोठ्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स, भिंतीवर टांगलेलं कमोड, ८ इंची रेन शॉवर, काचेचं पार्टिशन, आणि धूळ फार येते म्हणून खिडकीला पट्ट्यांऐवजी बंद काच. आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. आम्ही बादलीनेही आंघोळ करतो. यातलं काय बरोबर, काय चूक? आणि जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या तर चालेल का?

---

ओळंबा
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. खालच्या घरात डाग असेल तर टाइलवर टाइल हा विचार सोडून द्या. त्याने वरचा चेहरा बदलतो, पण पाणी जिथून जातंय ती जागा आणखी अर्ध्या इंचाखाली गाडली जाते. शिवाय ४ फुटांच्या रुंदीत दोन्ही बाजूंनी मिळून एक इंच जातो आणि जमीन वर आल्याने दार घासतं, उताराचा घोळ होतो. गळती नसलेल्या आणि नाण्याने ठोकल्यावर पोकळ न वाजणाऱ्या बाथरूमला तो मार्ग ठीक आहे. तुमचं बाथरूम त्यात बसत नाही.

त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा ८ ते १२ इंच खाली असतो. गवंडी त्याला संक म्हणतात. त्यात विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा कोबा भरलेला असतो. तीस वर्षांत जमिनीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी या भरावात साठून राहतं, म्हणून नळ बंद असतानाही खालचा डाग वाळत नाही. हा भराव पूर्ण काढायचा, स्लॅब उघडा पाडायचा. १० इंचांचा संक धरला तर २८ चौरस फुटांतून सुमारे २३ घनफूट माल निघतो, म्हणजे एक टनाहून थोडा जास्त. भिंतीच्या टाइल्स आणि गिलावा धरून २५ किलोच्या ६० ते ७० गोणी होतील. चौथ्या मजल्यावरून त्या कशा उतरवायच्या आणि सोसायटी राडारोडा कुठे ठेवू देते, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या. गोण्या एका खोलीत रचून ठेवू नका, स्लॅबवर तेवढा भार एका जागी नको. रोजच्या रोज खाली.

स्लॅब उघडा पडला की घाई करू नका. तारेच्या ब्रशने साफ करा, नीट पाहा. सळई गंजून काँक्रीट फुगलं असेल तर सैल भाग काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. नंतर गळतीच्या खऱ्या जागा: जिथून कमोडचा आणि मोरीचा पाइप भिंतीतून बाहेरच्या डक्टमध्ये (पाइप खाली उतरवायच्या पोकळीत) जातो तो सांधा. दहातल्या आठ गळत्या स्लॅबच्या मधोमध नसतात, याच कडांना असतात. पाइपभोवती न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरा. भिंत आणि स्लॅबच्या काटकोनात सिमेंटची गोलाई करा, गवंडी तिला वाटा म्हणतात. काटकोनावर लेप पातळ बसतो आणि तिथेच फाटतो, म्हणून ती गोलाई लागते.

मग सिमेंट-पॉलिमरचा दोन घटकांचा लेप. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी उभं नको. पहिला हात एका दिशेने, ६ ते ८ तासांनी दुसरा आडवा. भिंतीवर तयार जमिनीच्या १ फूट वरपर्यंत आणि आंघोळीच्या बाजूला ६ फुटांपर्यंत. दोन दिवस वाळू द्या. मग मोरीचं तोंड बंद करून २-३ इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास थांबा. खालच्यांना छताचा फोटो आधी आणि नंतर काढायला सांगा. ही चाचणी गाळून पुढे जाऊ म्हणणाऱ्या गवंड्याचं ऐकू नका.

चाचणी पास झाली की लेपावर १५-२० मिमी सिमेंट-रेतीचा संरक्षक थर. पुन्हा विटांचा कोबा भरू नका. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकचे तुकडे रचून मधे पातळ मसाला, वर २ इंची काँक्रीट. भार बराच कमी होतो. संकच्या तळाशी डक्टमध्ये निघणारा एक छोटा पाइप ठेवा. उद्या कुठे झिरपलंच तर पाणी खालच्याच्या छतात न जाता बाहेर टपकेल आणि तुम्हाला दिसेल. आणि फरशीच्या लगेच खाली, वरच्या काँक्रीटवर, लेपाचा आणखी एक थर. बहुतेक कामांत हाच गाळतात. खालचा थर स्लॅबला वाचवतो, वरचा थर भराव कोरडा ठेवतो. दोन्ही लागतात.

माळ्याबद्दल: ७ फुटांवरचा पूर्ण माळा हेच बाथरूम दबल्यासारखं वाटण्याचं मोठं कारण आहे, पण तो आरसीसीचा असेल आणि सळया भिंतीत किंवा बीममध्ये गेल्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. काढता येत नसेल तर खालची बाजू पांढरी शुभ्र रंगवा.

---

पाणसळ
ओळंबा यांनी जमिनीखालचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो.

सर्वांत वरचा मजला आणि ८ इंची रेन शॉवर, हे जमणार नाही. १० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याला साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या गच्चीवरची टाकी शॉवरच्या तोंडापासून जेमतेम ८-९ फूट वर असेल, म्हणजे पाव बार. रेन शॉवर आणि एका दांड्याचे बहुतेक डायव्हर्टर (गरम-थंड मिसळून पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारे) अर्धा ते एक बार मागतात. पाव बारवर त्या मोठ्या तबकडीच्या मधल्या भोकांतून धार गळते, कडेची भोकं कोरडी राहतात. दोन वाटा आहेत: लाइनवर छोटा प्रेशर पंप, त्याला सोसायटीची परवानगी लागते आणि आवाजही होतो, किंवा ४ इंची शॉवर नाहीतर कमी दाबावर चालणारा हँड शॉवर. आई बसून आंघोळ करणार असतील तर हँड शॉवरच घ्या, सरकत्या दांडीसह.

गरम-थंडासाठी दोन वेगळे क्वार्टर-टर्न नळ ठेवा. भिंतीत बसणाऱ्या डायव्हर्टरच्या बॉडीला ५-६ सेंटिमीटर खोली लागते. आतल्या भिंती तुमच्याकडे अर्ध्या विटेच्या असणार. गिलाव्यासकट पाच-साडेपाच इंचांत तेवढी खोल झिरी पाडली की पलीकडच्या खोलीत गिलावा उडतो. डायव्हर्टर भिंतीत बसवायचाच असेल तर तो बाहेरच्या जाड भिंतीवर घ्या.

जीआयचे पाइप सगळे काढा, एकही तुकडा ठेवू नका. आतून गंजून अर्धा इंची पाइपात पेन्सिलीएवढं भोक उरलेलं असतं, आणि दाब कमी असण्यामागे निम्मं कारण तेच असू शकतं. गरम आणि थंड दोन्हीसाठी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), भिंतीत गाडायला त्यातला जाड एसडीआर ११ प्रकार. बाथरूमपर्यंत पाऊण इंची लाइन, पुढे पॉइंटला अर्धा इंची. नळाच्या प्रत्येक तोंडाला पितळी आटे असलेली फिटिंग, प्लास्टिकच्या आट्यात नळ आवळला की चीर जाते. सीपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं आणि यूपीव्हीसीचं वेगळं. प्लंबर एकाच डब्याने सगळं चिकटवत असेल तर थांबवा. गिलाव्याने झाकण्याआधी हाताच्या पंपाने ७ ते १० किलोचा दाब देऊन किमान दोन तास काटा बघा. काटा हलला नाही तरच झिऱ्या बुजवायच्या. झाकण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढा. पुढे आरसा टांगताना ड्रिल पाइपात जाऊ नये म्हणून.

बादली विसरून आखलेली बाथरूमं रोज त्रास देतात. बादलीचा नळ तयार जमिनीपासून २४ इंचांवर आणि भिंतीपासून ६ इंच पुढे आलेला हवा, नाहीतर २० लिटरची बादली त्याखाली तिरकी बसते. शॉवरचे नळ ३६ ते ४० इंचांवर. माळा ७ फुटांवर असल्याने शॉवरचं तोंड साडेसहा फुटांवर घ्या. कमोडशेजारचा जेट १२ इंचांवर, त्याला वेगळा अँगल कॉक.

आता कमोड. टांगलेलं कमोड जागा वाचवतं असं सगळे म्हणतात. टेप घेऊन मोजा. जमिनीवरचं साधं कमोड भिंतीपासून २६-२७ इंच पुढे येतं. टांगलेलं २० ते २१ इंचांचं असतं, पण त्याची लपलेली टाकी अर्ध्या विटेच्या भिंतीत मावत नाही. तिच्यापुढे ५-६ इंचांची खोटी भिंत उभारावी लागते. बेरीज पुन्हा २६. लांब भिंतीला कमोड लावून ४८ इंचांतले २२ च उरतात, दोन्ही प्रकारांत. तेव्हा इंच मिळतील म्हणून घेऊ नका. खालची जमीन सलग दिसते, पोचा फिरतो, आणि खोट्या भिंतीच्या वर साबण-बाटल्यांना पाच इंची फळी मिळते, हे फायदे खरे आहेत. त्यासाठी घ्या. जागाच हवी असेल तर भिंतीला चिकटून बसणारं छोट्या लांबीचं जमिनीवरचं मॉडेल शोधा, २३-२४ इंचांची मिळतात.

टांगलेलं ठरलंच तर लोखंडी फ्रेम घ्या जिचे पाय जमिनीवर टेकतात. नुसते बोल्ट अर्ध्या विटेच्या भिंतीत मारू नका. फ्रेमचे पाय भरावावर नाही, स्लॅबवरून उभ्या केलेल्या काँक्रीटच्या ओट्यावर हवेत, आणि तो ओटा वॉटरप्रूफिंगच्या आधी व्हायला हवा. लेप झाल्यावर कोणी फ्रेमसाठी स्लॅबात भोकं पाडली तर ओळंबांनी लिहिलेलं सगळं वाया. आईंसाठी सीटची उंची १७-१८ इंच ठेवा. टांगलेल्या प्रकारात ती आपल्याला ठरवता येते, हा त्याचा मोठा गुण.

मोरीचा नहाणी ट्रॅपही बदला. नावात आपली न्हाणी असलेला हा साधा भाग वास येण्या-न येण्याचं मूळ आहे. आत पाण्याची ५० मिमी सील राहणारा घ्या. नुसती जाळी आणि सरळ पाइप असेल तर कितीही फिनेल टाका, वास येणारच.

---

उजेडवाट
बाकी काही करा न करा, एक गोष्ट या आठवड्यात करा. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर काढा. आणि तो आत असेपर्यंत खिडकी बंद करण्याचा विचारही नको.

तुमच्या बाथरूममध्ये २८ चौरस फूट गुणिले ७ फूट, म्हणजे साडेपाच घनमीटर हवा आहे. बर्नर त्यातला ऑक्सिजन वापरतो. ऑक्सिजन कमी पडला की अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग माणूस कडी उघडण्याच्या स्थितीत राहत नाही. सध्या त्या काचेच्या पट्ट्यांमधल्या फटींनीच धोका आवरून धरला आहे. धूळ येते म्हणून तिथे बंद काच बसवणं म्हणजे तो शेवटचा मार्गही बुजवणं. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या हवेशीर जागी न्या आणि गरम पाण्याची लाइन आत आणा, पाइपाला फोमचं आवरण घालून. वरच्या मजल्यावर दाब कमी असल्याने कधीकधी गॅस गिझर पेटच घेत नाही, तेही तपासा.

बाहेर जागा नसेल तर १५ लिटरचा विजेचा साठवणीचा गिझर. २००० वॅट म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, किमान २.५ चौरस मिमी तांब्याची तार, आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). स्विच दाराबाहेर. भरलेला गिझर २५ किलोच्या आसपास जातो, आंघोळीच्या डोक्यावर न टांगता कोरड्या बाजूला दाराच्या वर भिंतीवर घ्या.

एक छुपा धोका: जुन्या इमारतींत अर्थिंगची तार कधीकधी जीआयच्या पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते. पाइप सीपीव्हीसी झाले की ती अर्थिंग नाहीशी होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पाइप काढण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग मुख्य बोर्डापर्यंत खरी आहे का, मोजून घ्या.

खिडकी: वरच्या दोन-तृतीयांश भागाला दुधी काच बसवा आणि खालच्या किंवा बाजूच्या भागात ६ इंची एक्झॉस्ट. पट्ट्या ठेवल्या तरी चालतील, आतून काढून धुता येणारी बारीक जाळी लावा, धूळ थांबते. तासाला १५ वेळा हवा बदलायची तर ८५ घनमीटर लागते. साधा ६ इंची पंखा तेवढं सहज ओढतो. पण तो हवा ओढणार कुठून? दाराखाली १५-२० मिमी फट ठेवली नाही तर पंखा नुसता फिरतो आणि छत काळं पडतं. पंख्याला आंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालणारा टायमर लावा.

दिवे. दारावरचा एक बल्ब तुमच्या पाठीमागे असतो, त्यामुळे आरशात चेहऱ्यावर सावली आणि कमोडच्या कोपऱ्यात अंधार. २.६ चौरस मीटरला ३०० लक्स हवे म्हटलं तर दिव्यांतून एकूण १५०० लुमेन निघायला हवेत, कारण निम्मे वाटेत जातात. एलईडीचे १५ वॅट झाले. एकच १५ वॅटचा लावू नका. माळ्याखाली ५-५ वॅटचे दोन, एक आंघोळीवर आणि एक कमोडपुढे, आणि तिसरा आरशापाशी चेहऱ्याच्या उंचीला. आंघोळीवरचा आयपी ६५ (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा), बाकीचे आयपी ४४. रंग ४००० केल्विन. ६५०० चा निळसर प्रकाश पांढऱ्या टाइलवर दवाखान्यासारखा दिसतो आणि खोली उलट लहान भासते.

आरसा शक्य तेवढा मोठा, बेसिनच्या वर, खिडकीचा उजेड पकडेल असा. तो चिकटवायला आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लाने मागचा लेप काळा पडतो. न्यूट्रल सिलिकॉन घ्या आणि मागे ३-४ मिमी हवा ठेवा.

---

फरसबंदी
मोठ्या चकचकीत टाइल्स भिंतीला हो, जमिनीला नाही.

भिंतीला ३०० × ६०० मिमी, आडव्या लावा. ६०० × १२०० ने सांधे आणखी कमी होतात, पण ४ फुटी भिंतीत नळ, खिडकी, फ्लशची पट्टी यांच्याभोवती कापाकापीत २०-२५ टक्के वाया जातं, आणि जुन्या भिंती ओळंब्यात नसल्याने कडा वर-खाली दिसतात. रंग निव्वळ पांढरा न घेता किंचित उबदार पांढरा किंवा फिकट राखाडी. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर गडद रंगावर क्षाराचे पांढरे डाग जास्त उठतात, म्हणून काळ्या नळांचीही हौस करू नका. ४ फुटांवर पट्टी देऊन वर रंग, ही जुनी पद्धत सोडा. नजर त्या रेषेवर अडते. टाइल सलग माळ्यापर्यंत न्या.

हिशेब: भिंतींची एकूण लांबी २२ फूट × ७ = १५४ चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता १३५. दहा टक्के धरून १५० चौरस फूट, म्हणजे ३०० × ६०० च्या ७८ टाइल्स. जमीन २८, १५ टक्के धरून ३२ चौरस फूट, ३०० × ३०० च्या ३३. सगळे खोके एकाच बॅचचे आणि एकाच शेड नंबरचे आहेत का ते दुकानातच बघा. बॅच बदलली की रंग आणि माप दोन्ही सूतभर वेगळे असतात. एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका, पाच वर्षांनी तीच टाइल मिळत नाही.

जमिनीला ३०० × ३०० मॅट, आर ११ घसरणरोध असलेली. लहान टाइल उताराप्रमाणे वळते आणि सांधे पायाला पकड देतात. आईंसाठी हे महत्त्वाचं. उतार आंघोळीच्या जागेत १:८०, म्हणजे ३० इंचांत १० मिमी. बाकी जमिनीला १:१००. गवंडी नजरेने उतार देतात. फरशी बसली की ग्राउट भरण्याआधी एक तांब्या पाणी ओतून बघा. कुठे तळं राहिलं तर तेव्हाच टाइल निघते. भिंतीच्या रंगाच्या जवळचीच जमीन घ्या, एखादी छटा गडद. जमीन काळी आणि भिंत पांढरी केली की ४ फूट रुंदी डोळ्यांना मोजून दिल्यासारखी होते.

चिकटवण्याबद्दल गवंड्याशी वाद होईल, ठाम राहा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. सिमेंटची पेस्ट छिद्रांत शिरून पकड घेते, इथे छिद्रंच नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षांत टाइल पोकळ वाजू लागते. टाइल अॅडहेसिव्हच वापरा, पोत्यावर आयएस १५४७७ आणि व्हिट्रिफाइडसाठीचा प्रकार छापलेला बघून. २० किलोच्या पोत्यात ३ मिमी थराने ५० चौरस फूट होतात, तुम्हाला चार पोती. दातेरी थापीने पूर्ण भिंतीवर ओढायचं. टाइलमागे पाच ठिपके लावून दाबणं चालणार नाही. ठिपक्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं आणि कोपरा धक्क्याने तडकतो. वरच्या ३ फुटांतला ऑइल पेंट खरवडून खाली गिलाव्यापर्यंत जा. पेंटवर अॅडहेसिव्ह धरतो तो पेंटला, भिंतीला नव्हे.

सांधे २ मिमी स्पेसरने, इपॉक्सी ग्राउट, टाइलच्याच रंगाचा. थोडा थोडा कालवा, पाऊण तासात घट्ट होतो. टाइलवरची साय लगेच ओल्या स्पंजने काढा, दुसऱ्या दिवशी ती निघत नाही. भिंत-भिंत आणि भिंत-जमीन या कोपऱ्यांत ग्राउट नको, सिलिकॉन. तिथे हालचाल होते आणि ग्राउटला केसासारखी चीर जाते. पुढे साफसफाईला अॅसिड अजिबात नको, नळांचं क्रोम जातं.

---

पाऊसपाणी
सगळ्यांचे मनापासून आभार. गिझरचं ऐकून धक्काच बसला, उद्याच गॅसवाल्यांना बोलावते. दोन गोष्टी राहिल्या: दार आणि काचेचं पार्टिशन. आणि एकच बाथरूम असल्याने किती दिवस धरायचे?

---

ओळंबा
दार बाहेर उघडणारं करा. जागेचा सर्वांत स्वस्त बदल हाच. आत उघडणारं २७ इंची दार आपल्या फिरण्यासाठी जवळजवळ ४ चौरस फूट जमीन अडवतं, तुमच्या २८ मधली. शिवाय आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडकतं, बाहेरून ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी घ्या. पॅसेजमध्ये समोरच्या दाराला धडकत असेल तर बाहेरच्या बाजूने सरकतं दार, त्याला भिंतीवर ३० इंच मोकळे हवेत. चौकट डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली), लाकूड खालून कुजतं. उंबरा ३ इंची असेल तर काढा. बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा १५ मिमी खाली आणि ग्रॅनाइटची कड गोल घासलेली, एवढं पुरतं. आईंचा पाय अडखळणार नाही.

पायवालं बेसिन काढून भिंतीवरचं १६ × ११ इंची लावा, ३२ इंच उंचीवर. दारातून शिरल्यावर जमीन शेवटपर्यंत दिसली पाहिजे.

काचेचं पार्टिशन घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ८४ इंचांत बेसिनला २४, कमोडला मध्यापासून १५-१५ असे ३०, आणि आंघोळीला ३० उरतात. तिथे काच लावली की बादलीजवळ वाकताना कोपर आपटतं, आईंना धरून न्यायला जागा राहत नाही, आणि टँकरच्या पाण्याने काच महिन्यात पांढरी पडते. पांढरा साधा पडदा लावा, सरकवला की जागा मोकळी. काचेऐवजी कमोडशेजारी आणि आंघोळीच्या भिंतीवर स्टीलचे धरायचे दांडे बसवा. अर्ध्या विटेच्या भिंतीत ते नुसत्या प्लगने टिकत नाहीत. गिलावा करतानाच त्या जागी आत काँक्रीटचा तुकडा भरून ठेवा आणि फोटोत माप टिपा.

---

पाणसळ
पार्टिशनबद्दल थोडा मतभेद. आंघोळीचं पाणी कमोडपर्यंत उडू नये असं वाटत असेल तर १८ इंच रुंदीची एकच स्थिर ८ मिमी टफन्ड काच चालते, फक्त कमोडच्या बाजूला. पण बादली जास्त आणि शॉवर कमी असेल तर ओळंबा यांचंच बरोबर.

दिवस: तोडफोड २, सफाई-दुरुस्ती १, पाइप आणि दाबाची चाचणी २, गिलावा आणि त्याला पाणी मारणं ४, लेप आणि वाळणं ३, पाणी भरून चाचणी २, भराव ३, वरचा लेप १, टाइल्स ४, ग्राउट आणि फिटिंग ३. म्हणजे २५ दिवस. १० दिवसांत देतो म्हणणारा यातल्या वाळण्याच्या आणि चाचणीच्या दिवसांतूनच कापतो. पावसाळ्यात सुरू करू नका, लेप आणि गिलावा वाळत नाही आणि खालच्यांचा डाग पावसाचा की तुमचा हे कळत नाही. संडासाची सोय शेजाऱ्यांकडे आधी ठरवा, आईंची त्या काळात दुसरीकडे राहायची सोय झाली तर उत्तम.

हातोडा पडण्याआधी कमोड, फ्रेम, ट्रॅप आणि नळ घरात आणून ठेवा. प्लंबर कमोड समोर ठेवून पाइपाचं तोंड काढतो. कॅटलॉग बघून काढलेलं तोंड इंचभर चुकलं तर वाकडा कनेक्टर लावावा लागतो आणि तो तुंबतो. पाइप कापण्याच्या दिवशी गच्चीवरून तुमच्या रांगेचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. जुने व्हॉल्व्ह बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाहीत, आदल्या आठवड्यात फिरवून बघा, गळत असेल तर तोही त्याच दिवशी बदला आणि खालच्या तिन्ही घरांना वेळ कळवून ठेवा.